चहा राहू द्या, साखर सोडा

ऑकलंडहून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर पुकेकोहे हे गाव आहे. ज्वालामुखीच्या तांबूस, भुसभुशीत मातीत पिकणारे कांदे आणि बटाटे ही त्याची न्यूझीलंडभरची ओळख. या मातीत भारतीय शेतकरी, प्रामुख्याने गुजराती आणि पंजाबी, कित्येक पिढ्यांपासून राबत आले आहेत. इथे शेतावर आणि भाजीच्या पॅकहाऊसमध्ये कामातल्या मधल्या सुट्टीला 'स्मोको' म्हणतात. न्यूझीलंडच्या कायद्यानुसार आठ तासांच्या कामात दहा-दहा मिनिटांच्या दोन पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. या सुट्ट्यांत चहा होतो आणि चहाबरोबर बिस्किटे, स्कोन, केकचा तुकडा असे काहीतरी आलेच. ऑफिसात आणि शाळेत याच वेळेला 'मॉर्निंग टी' म्हणतात आणि कुणाचा वाढदिवस असला की टेबल भरून जाते.

महाराष्ट्रातून ऑकलंड परिसरात गेलेल्या माणसाच्या दिवसात या चहाची भर पडते. सकाळचा घरचा आल्याचा चहा सुटलेला नसतो, संध्याकाळचाही सुटत नाही. मधे कामावरचे दोन कप येतात. मग वजनकाटा पुढे सरकू लागला की दोनच उपाय सुचवले जातात: चहा बंद करा, नाहीतर ग्रीन टी सुरू करा. विज्ञानाच्या कसोटीवर हे दोन्ही उपाय कच्चे ठरतात. चहाने वजन वाढत नाही आणि चहाने ते उतरतही नाही. मात्र चहाची वेळ ही आहारातली अशी जागा आहे, जिथे छोटा बदल वर्षानुवर्षे फळ देतो.

एकाच झुडपाची पाने

पुकेकोहेहून तासाभराच्या अंतरावर, हॅमिल्टनजवळ गॉर्डनटन इथे झीलाँग नावाचा चहाचा मळा आहे. १९९६ साली तैवानहून चहाची सुमारे १,५०० कलमे इथे आणली गेली. न्यूझीलंडचे विलगीकरणाचे कडक नियम पार करून त्यांतली जेमतेम १३० जगली आणि त्यांपासून आजचा मळा वाढला. तिथे एकाच जातीच्या झुडपांपासून ग्रीन टी, ऊलाँग आणि काळा चहा हे तिन्ही प्रकार तयार होतात. आसामातला चहा, जपानी सेंचा आणि आपल्या डब्यातली चहाची भुकटी ही सगळी 'कॅमेलिया सायनेन्सिस' या एकाच वनस्पतीची लेकरे आहेत.

फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. ताज्या पानात कॅटेचिन नावाची संयुगे भरपूर असतात आणि त्यांतले सर्वाधिक चर्चेतले म्हणजे ईजीसीजी. पान लगेच वाफवले किंवा कढईत परतले की त्यातली विकरे निकामी होतात, कॅटेचिन टिकून राहतात आणि ग्रीन टी मिळतो. पान चुरडून हवेत राहू दिले की कॅटेचिनचे ऑक्सिडीकरण होते. त्यांच्या जागी काळ्या चहाला रंग आणि तुरटपणा देणारी थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. ऊलाँग या दोन्हींच्या मधला. कॅफीन मात्र तिन्हींत असते.

प्रयोगशाळेतले चार टक्के

ग्रीन टीने चरबी जळते, या समजाला एक खरा आधार आहे. १९९९ साली जिनिव्हा विद्यापीठात अब्दुल डुल्लू आणि सहकाऱ्यांनी दहा तरुण पुरुषांना बंद कक्षात ठेवून त्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाव्यय मोजला. ग्रीन टीचा अर्क घेतलेल्या दिवशी तो सुमारे चार टक्क्यांनी वाढला, म्हणजे साधारण ८० किलोकॅलरी. नुसते तेवढेच कॅफीन दिले तेव्हा अशी वाढ दिसली नाही.

यामागची कल्पना अशी. चरबीच्या पेशींना साठा मोकळा करण्याचा निरोप नॉरअॅड्रेनलिन हे संप्रेरक देते. त्याचा निचरा करणाऱ्या विकराला ईजीसीजी अडवते. तो निरोप पेशीच्या आत टिकवून धरण्याचे काम कॅफीन करते. दोघे मिळून निरोपाचा परिणाम थोडा लांबवतात.

पण दहा माणसांचा एक दिवस आणि हजारो माणसांचे महिने यांत अंतर असते. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने ग्रीन टी आणि वजन यांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात १८ चाचण्या आणि १,९४५ व्यक्तींचा समावेश होता. जपानमध्ये झालेल्या चाचण्यांत वजनातली घट ०.२ किलोपासून ३.५ किलोपर्यंत दिसली. जपानबाहेरच्या सहा चाचण्या एकत्र केल्यावर सरासरी फरक आला ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम. निष्कर्ष स्पष्ट होता: लठ्ठ प्रौढांमध्ये ग्रीन टीमुळे होणारी घट आरोग्याच्या दृष्टीने दखल घेण्याइतकी नाही. शिवाय ज्यांना रोज भरपूर कॅफीनची सवय असते त्यांच्यावर हा परिणाम आणखी क्षीण होतो. दिवसाला चार-पाच कप पिणारा मराठी माणूस याच गटात मोडतो.

यावर अर्काच्या गोळ्या हा उपाय नव्हे. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली दिला. कपातून प्यायलेला ग्रीन टी सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. तो आवडत असेल तर जरूर प्यावा, पण वजनकाट्यावर नजर ठेवून नव्हे.

कपातला हिशेब

दूध-साखर न घातलेल्या कपभर चहात जेमतेम दोन किलोकॅलरी असतात. आपला नेहमीचा कप घ्या: अर्धे पाणी, अर्धे गाईचे दूध आणि दोन चमचे साखर. १५० मिलिलीटरच्या कपात ७५ मिलिलीटर दुधाच्या सुमारे ५० आणि दहा ग्रॅम साखरेच्या ४०, अशा ९० किलोकॅलरी झाल्या. म्हशीचे दूध असेल तर आकडा शंभराच्या पुढे जातो. बरोबर दोन ग्लुकोज बिस्किटे खाल्ली तर आणखी ५०. पुकेकोहेच्या स्मोकोत बिस्किटाऐवजी लोणी लावलेला स्कोन असेल, तर चहापेक्षा त्याचाच भार कितीतरी जास्त.

तेव्हा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल यांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये एक उपयुक्त सूत्र मांडले. वजन जास्त असलेल्या सर्वसाधारण प्रौढाने रोजच्या आहारातून कायमच्या २४ किलोकॅलरी कमी केल्या, तर कालांतराने त्याचे वजन साधारण एक किलोने कमी होते. त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात होतो आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. दिवसाला तीन कप दोन-दोन चमचे साखरेचे पिणाऱ्याने फक्त साखर सोडली, तर रोजच्या १२० किलोकॅलरी वाचतात. बाकीचे खाणे आणि हालचाल तशीच राहिली, तर हे सूत्र पाच किलोंकडे बोट दाखवते, त्यांतले अडीच पहिल्याच वर्षात. ग्रीन टीच्या ४० ग्रॅमशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत. वरच्या तीन कपांत ३० ग्रॅम होतात. दिवसभरात दुसरे काही गोड न खाताही ही मर्यादा ओलांडली जाते.

पुण्याचे संशोधन काय सांगते?

हा हिशेब आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा का, याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, नेमका २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीचा असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखवून दिले.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा, असे मानले जाते. न्यूझीलंडच्या सर्वसाधारण मोजमापात लठ्ठपणाची रेषा ३० वर आहे. बीएमआय २७ असलेल्या मराठी माणसाला तिथल्या तक्त्यात लठ्ठ म्हटले जाणार नाही, पण मधुमेहाचा धोका त्याच्या दारात आलेला असू शकतो. त्याने तक्त्यावर विसंबण्यापेक्षा कंबरेचा घेर मोजावा आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी.

दोन जेवणांमधला चहा

महाराष्ट्रात अलीकडच्या काळात सर्वाधिक गाजलेला आहार म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर तो आधारलेला आहे. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या वेळी जेवायचे आणि जेवण ५५ मिनिटांत संपवायचे. मधे भूक लागलीच तर पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा किंवा ग्रीन टी चालतो. दुधाचा चहा हवाच असेल तर दूध पाव भागापुरते आणि साखर अजिबात नाही. दर खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करायच्या, असे दीक्षित सांगतात.

चीनमधल्या ग्वांगजौ इथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात खाण्याच्या वेळा आठ तासांत बांधून कॅलरी कमी करणाऱ्यांचे वजन आठ किलोने उतरले आणि नुसत्या कॅलरी कमी करणाऱ्यांचे ६.३ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता. म्हणजे वजन उतरवण्याचा मोठा वाटा एकूण कमी खाण्याचा. वेळ पाळल्याने ते कमी खाणे सोपे होते. या चौकटीत बिनसाखरेच्या चहाचे काम मोलाचे आहे: दोन जेवणांमधले तास तो निभावून नेतो, हाताला आणि तोंडाला सवयीचे काहीतरी देतो, आणि हिशेबात जवळजवळ काहीच भर घालत नाही.

साखर सुटते

'गोड नसेल तर तो चहा कसला,' असे पुष्कळांना मनापासून वाटते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी गोड चहा पिणाऱ्या ६४ पुरुषांवर केलेला छोटा अभ्यास २०१९ साली मांडला. एका गटाने साखर हळूहळू कमी केली, दुसऱ्याने एकदम बंद केली, तिसऱ्याने काहीच बदलले नाही. हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ४२ टक्के आणि एकदम सोडणाऱ्यांपैकी ३६ टक्के लोकांनी साखर सोडली. तिसऱ्या गटात हे प्रमाण सहा टक्के होते. सगळ्यांत दिलासा देणारी गोष्ट म्हणजे साखर गेल्याने चहाची आवड कमी झाली नाही. जीभ नव्या चवीला सरावते. तिला थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.

आले, वेलची, गवती चहा हे आपल्या स्वयंपाकघरातले सोबती इथे उपयोगी पडतात. ते वजन घटवत नाहीत, पण साखर नसल्याची उणीव भरून काढतात. न्यूझीलंडच्या दुकानात निळ्या झाकणाचे साय असलेले दूध मिळते, तसे हिरव्या झाकणाचे 'ट्रिम'ही मिळते. त्यात स्निग्धांश अगदी कमी आणि कॅल्शियम भरपूर असते.

वेळेचे भान

चहातली टॅनिनसदृश संयुगे वनस्पतीजन्य अन्नातले लोह बांधून ठेवतात. पालेभाजी-भाकरी खाऊन लगेच चहा घेतला, तर त्यातले बरेचसे लोह वाया जाते. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. वजनासाठी मोजके जेवणाऱ्या स्त्रीने तर हे लक्षात ठेवायलाच हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळायला आणि दिवसाचे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले आहे. एका कपात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते.

रात्रीचा चहाही नको. कॅफीनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. झोप बिघडली की भूक वाढते: शिकागोतल्या २००४ च्या प्रयोगात दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलेल्या तरुणांमध्ये भूक शमवणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले.

बाजारातल्या 'स्लिमिंग टी'पासून दूर राहावे, हे निक्षून सांगायला हवे. अनेकांत सोनामुखीसारखे रेचक असते. काट्यावर दिसणारी घट पाण्याची असते, चरबीची नाही. काही स्लिमिंग उत्पादनांत सिब्युट्रामिन हे औषध लपवलेले आढळले आहे. हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० साली युरोप-अमेरिकेच्या बाजारातून ते हटवले गेले. न्यूझीलंडच्या रानात मिळणाऱ्या कावाकावाच्या पानांचा काढा माओरी लोक पिढ्यानपिढ्या घेत आले आहेत. आपल्या नागवेलीच्या कुळातली ही वनस्पती. तिचा आदर तिच्या परंपरेसाठी करावा, वजन उतरवण्याचे काम तिच्यावर सोपवू नये.

पुकेकोहेच्या पॅकहाऊसमध्ये असो की पुण्याच्या ऑफिसात, चहाची सुट्टी माणसाला हवी आहे. तिच्यात थकवा उतरतो, चार शब्द बोलले जातात, परक्या देशात ओळखी होतात. वजनासाठी ती बळी देण्याची काहीही गरज नाही. उद्याच्या पहिल्या कपात दोनऐवजी दीड चमचा साखर घाला, काही आठवड्यांनी एक, मग अर्धा. बिस्किटाच्या पुड्याकडे जाणारा हात जेवणाच्या वेळेपर्यंत थांबवा. हे कुणालाही जमेल, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ते टिकवले तर कुठल्याही महागड्या पाकिटापेक्षा त्याचा गुण नक्की येतो.