पाण्याचें सरकारी अनुदान आणि गांवचा दहावा हिस्सा



वर्गणीसाठीं पेठेंत गेलें म्हणजे एक प्रश्न हटकून पुढें येतो. "खेडोपाडीं नळ घालण्यास व शौचकूप बांधण्यास सरकार अनुदान देतें, मग आमच्या पदरच्या पैशाचें प्रयोजन काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर हिशेबानेंच दिलें पाहिजे. म्हणून सरकारी कर्ज म्हणजे काय, अनुदान म्हणजे काय, आणि तें मिळूनही गांवाची अडचण कोठें उरते, हें पुढें क्रमानें मांडिलें आहे.

पनवेल तालुका हा कांहीं अवर्षणाचा मुलूख नव्हे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. परंतु माथेरानच्या पायथ्याचा काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाहीं. तें गाढी, कासाडी, पाताळगंगा या नद्यांवाटे पाहतां पाहतां खाडीस मिळतें, आणि चैत्र-वैशाखांत डोंगरकडेच्या वाड्यांतील विहिरींचा तळ दिसूं लागतो. शहरासही हें चुकलेलें नाहीं. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे महाराष्ट्रांतील अगदीं जुन्यांपैकीं. गाढी नदीवर देहरंग येथें १९६४ सालीं बांधलेलें स्वतःचें धरण शहरापाशीं आहे. तरी उन्हाळ्यांत तें पुरत नाहीं, आणि औद्योगिक विकास महामंडळ व जीवन प्राधिकरण यांजकडून पाणी घ्यावें लागतें. सारांश, येथील दुष्काळ पावसाचा नव्हे, सांठवणीचा व व्यवस्थेचा आहे. म्हणूनच तो पैशानें व उद्योगानें हटण्याजोगा आहे.

प्रथम कर्जाचा विचार करूं. १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळानंतर नेमलेल्या कमिशनानें १८८० सालीं अहवाल दिला, आणि १८८३ सालीं जमीन-सुधारणा कर्जाचा व १८८४ सालीं शेतकरी कर्जाचा असे दोन कायदे झाले. ज्यास आपण तगाई म्हणतों ती या कायद्यांखालची. विहिरी, तळीं व सांठवणीचीं इतर कामें यांस पहिल्या कायद्याखालीं कर्ज मिळे. तें शेतीच्या पाण्याकरितां, तसेंच शेतीवर राबणारीं माणसें व गुरें यांच्या पाण्याकरितांही असे. पण ही तगाई बहुधा जमिनीच्या तारणावर मिळे, आणि थकल्यास जमीन-महसुलाच्या बाकीप्रमाणें वसूल होई. अर्थात् ज्याच्या नांवें जमीन, त्याच्या दारीं विहीर. ज्या कातकऱ्याच्या वा ठाकराच्या नांवें एक गुंठाही नाहीं, त्यास तें दार बंदच.

अनुदानाची रीति निराळी. तें फेडावयाचें नसतें, आणि पाण्याच्या योजनेंत तें एकट्यादुकट्यास न मिळतां गांवास मिळतें. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन मिशनाचा संकल्प असा कीं, खेड्यांतील प्रत्येक घरीं नळानें माणशीं रोज ५५ लिटर पाणी पोंचावें. महाराष्ट्रांत त्याचा खर्च केंद्र व राज्य यांनीं निम्मेनिम्म सोसावयाचा. या संकल्पाची मुदत प्रथम २०२४ पर्यंत होती. ती २०२८ पर्यंत वाढविल्याचें २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत जाहीर झालें. पंधराव्या वित्त आयोगानेंही २०२१ ते २०२६ या पांच वर्षांकरितां ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानांतील शेंकडा ६० हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठींच राखून ठेविला. तरी कर्ज अगदींच नाहींसें झालेलें नाहीं. १९९५-९६ सालीं नाबार्डकडे स्थापन झालेल्या ग्रामीण पायाभूत निधींतून राज्य सरकारांस अशा कामांसाठीं कर्ज काढतां येतें. म्हणजे गांवास जें अनुदान म्हणून दिसतें, तें राज्याच्या खातेवहींत कधीं कधीं ऋण म्हणून मांडलेलें असतें. असा पैसा वायां गेला तर पाणीही नाहीं आणि फेड मात्र आहे, अशी स्थिति होते.

आतां अडचण कोठें उरते तें पाहूं. मिशनाच्या नियमांप्रमाणें गांवांतील अंतर्गत कामांच्या खर्चाचा दहावा हिस्सा गांवकऱ्यांनीं द्यावयाचा. डोंगराळ वा जंगली मुलखांत, तसेंच जेथें निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जातिजमातींची असेल तेथें विसावा. तो रोख, वस्तुरूपानें किंवा श्रमदानानें देतां येतो. उदाहरणादाखल, काम वीस लक्षांचें व घरें दोनशें धरलीं, तर पहिल्या हिशेबानें दर घरीं एक हजार व दुसऱ्यानें पांचशें रुपये पडतात. पेढीवर बसणाऱ्यास ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन सहा-सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या कुटुंबास ती एकदम काढून देणें सोपें नाहीं. तथापि ही वर्गणी म्हणजे दंड नव्हे. जेथें आपला घाम पडला तें काम माणूस जपतो. काम यशस्वी झाल्यावर अंतर्गत खर्चाच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम दुरुस्तीच्या फिरत्या निधीकरितां गांवास बक्षीस मिळावी, अशीही तरतूद आहे. गांवच्या पाणी-समितींत निम्म्या तरी स्त्रिया असाव्या, असें नियम सांगतात. हंडा कोणाच्या डोकीवर असतो हें सांगणें नको.

पाणी आलें म्हणजे सांडपाणी आलेंच. हजार वस्तीच्या गांवीं रोज ५५ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरांचे साडेपांच टँकर, पाणी आलें, तर त्यांतील बहुतेक मोरीवाटे बाहेर पडून विहिरीच्याच कडेस मुरणार. २ ऑक्टोबर २०१४ रोजीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनांत पात्र कुटुंबास शौचकूपासाठीं १२,००० रुपये ठरले. त्यांत केंद्राचे ७,२०० व राज्याचे ४,८००. २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यांत पांच हजारांपर्यंत वस्तीच्या गांवांकरितां सांडपाण्यास माणशीं २८० व घनकचऱ्यास ६० रुपये अशी मर्यादा ठरली. हजार वस्तीस हे ३ लक्ष ४० हजार होतात. शोषखड्डे व कचऱ्याचे खड्डे यांस यांतून मोठा आधार होतो. मात्र शौचकूपाची रक्कम बहुधा बांधकाम व तपासणी उरकल्यावर हातीं पडते. तोंपर्यंत गरिबानें विटा व सिमेंट कोठून आणावें ?

जमीनदार सद्गृहस्थांस विशेष विनंती आहे. विहिरीस व टाकीस जागा लागते. दोन गुंठ्यांचें लेखी दान लक्षावधि रुपयांच्या अनुदानास वाट करून देतें. तोंडी परवानगीवर उभारलेलें काम पुढच्या पिढींत वादांत सांपडतें. तसेंच पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उगमापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास राज्यानें १९९३ च्या कायद्यानें मनाई केली, तिचें मर्म ध्यानीं घ्यावें. शेजारीं खोल विंधनविहीर पाडून पंप लाविला, तर गांवची योजना एका उन्हाळ्यांत कोरडी पडूं शकते.

सार्वजनिक पैशाचें पाणी सर्वांचें, हा धडा याच जिल्ह्यांत घालून दिलेला आहे. १९२३ सालीं मुंबई कायदे-कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा त्या अर्थाचा ठराव मंजूर झाला, आणि २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. म्हणून ज्या योजनेचा नळ गांवठाणांत संपतो व वाडीस पोंचत नाहीं, ती पुरी झाली असें आम्ही मानीत नाहीं.

दान देण्यापूर्वीं गांवाची हद्द मात्र विचारावी. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हां २९ गांवें तींत गेलीं. ग्रामीण अनुदानाचे वरील नियम त्यांस लागत नाहींत. तेथें अमृतसारख्या शहरी योजनांचा आधार घ्यावा लागतो.

तेव्हां आमचें मागणें असें. सरकार जें देतें तेंच पुन्हां देऊं नये. तें जेथें अडतें तेथें हात लावावा. शौचकूपासाठीं बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यावी. अनुदान हातीं येतांच ती परत येऊन दुसऱ्या घरास लागेल. निराधार व विधवा यांच्या घरची वर्गणी भरावी. इतरांची भरूं नये, त्यांस श्रमदानाची संधि द्यावी. जागा द्यावयाची ती लेखी द्यावी. पंपाची दुरुस्ती, विजेचें बिल व पाणी सोडणाऱ्याचा पगार यांसाठीं गांव पाणीपट्टी वसूल करूं लागेपर्यंत पहिल्या वर्षाचा भार उचलावा. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ग्रामसभेंत वाचून दाखविण्यास सांगावें.

शेवटीं वेळेविषयीं दोन शब्द. विहिरीचा गाळ काढणें व ती खोल करणें हें काम पाणी अगदीं खालीं गेलें असतांनाच होतें. होळीपूर्वीं पोंचलेला रुपया त्याच उन्हाळ्यांत खोदाईस लागतो; ज्येष्ठांत पोंचलेल्या रुपयास पुढील वर्षाची वाट पाहावी लागते. सबब आपला विचार लवकर कळवावा, ही नम्र विनंती.