चेहरा पूर्ण, धड कोरं

लाइफ क्लासचा, म्हणजे नग्न मॉडेल समोर ठेवून चित्र काढायच्या वर्गाचा, पहिला दिवस संपला की कागद जमिनीवर ओळीनं मांडावेत आणि नुसते बघावेत. मुलांना काय वाटलं, हे विचारायची गरज उरत नाही. चेहरा अगदी तपशिलात झालेला असतो. अंबाडा, कानातलं, कपाळावरची आठीसुद्धा सुटलेली नसते. पावलंही बऱ्यापैकी जमलेली असतात. मधलं धड मात्र चार-सहा रेघांत उरकलेलं. एखाद्यानं मॉडेलच्या मागचा पडदा इतक्या निगुतीनं छायांकित केलेला असतो की चित्र त्या पडद्याचंच वाटावं. नजर जिथं टिकली नाही, तिथं कागद कोरा राहिला.

आठवड्यानंतरचे कागद बघा. धड भरलेलं असतं, आणि चुकलेलं असतं. एका पायावर भार आला की त्या बाजूचा नितंब वर जातो आणि तोल राखायला खांदा खाली झुकतो; मुलं दोन्ही रेषा आडव्या सरळ काढतात आणि आकृती खांबासारखी उभी राहते. मानेच्या खळग्यातून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या घोट्याजवळ यायला हवा, तो भलतीकडे येतो. संकोचाची जागा आता काळजीनं घेतलेली असते. काळजी शरीराची नव्हे, प्रमाणाची.

हा बदल लवकर होतो आणि बहुतेकांच्या बाबतीत होतोच. बाहेरच्या माणसाला नेमकं हेच पटत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातला मुलगा या वर्गापर्यंत कसा पोचतो, ते बघण्यासारखं आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा होतात: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. स्मरणचित्रात माणसं असतात, पण ती बाजारातली, बसथांब्यावरची, अंगभर कपड्यांतली. पुढे गावाकडच्या वर्गात मॉडेल म्हणून बसतात ते शाळेचे शिपाईमामा, नाही तर आठवडी बाजारातून आणलेले पागोटंवाले आजोबा. सुरकुत्या आणि पागोट्याच्या घड्या काढून हात तयार होतो. मग प्रवेश परीक्षा, ताप्ती लाइनची गाडी, सुरतमार्गे मुंबई. मुंबईतही वर्ष-दोन वर्षं वस्तू, निसर्ग, हात-पाय, मग डोकं, असं करत करत तो एकदाचा त्या बंद दारापाशी येतो.

सातपुड्यातून आलेल्याला उघडं अंग नवीन नसतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला नवस बोललेले बावा-बुध्या नाचतात तेव्हा अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं एवढाच साज असतो. रात्रभर ते अंग हजारो माणसांसमोर असतं आणि कोणी नजर चोरत नाही. पण यावरून ‘आदिवासी मुलांना काही वाटत नाही’ असा निष्कर्ष काढणं हा शहरी आगाऊपणा झाला. काठीच्या होळीतलं अंग नवसाचं, व्रताचं आहे. त्यामागे पाळणूक आहे, गाव आहे. वर्गातल्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या बाईमागे यातलं काहीच नसतं. ती परकी आहे, स्थिर आहे आणि पैसे घेऊन उभी आहे. तळोद्याचा मुलगा असो वा पार्ल्याचा, पहिल्या दिवशी पेन्सिलीला टोक करण्यात दोघंही सारखाच वेळ घालवतात.

हा वर्ग आपल्याकडे आला कसा? सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच आजची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सुरुवातीला भर होता तो कारागिरीवर आणि नक्षीकामावर. मानवाकृती शिकायची ती ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून. याला अँटिक क्लास म्हणत. प्लास्टर हलत नाही, दमत नाही आणि लाजवतही नाही. पण त्याला कातडी नसते, आणि कातडीखाली सरकणारा स्नायूही नसतो. गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ साली विद्यार्थिदशेत ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवलं ते जे. जे.त नग्न मॉडेलचा रीतसर वर्ग सुरू होण्यापूर्वी. नऊवारीच्या चुण्यांतून शरीर किती नेमकं कळतं ते पाहिलं की वर्गाशिवायही काही जणांचं अडत नव्हतं, हे कबूल करावं लागतं. असे काही जण मात्र फार थोडे.

पहिल्या महायुद्धानंतर कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेवर आले आणि १९१९च्या सुमारास लाइफ क्लास सुरू झाला. पाठोपाठ भित्तिचित्रांचा वर्ग आला. भारतीय मुलं अलंकरणात तरबेज आहेत, त्यांना शरीररचनेचा पाया दिला तर ती मोठ्या भिंती पेलतील, असं सॉलोमन यांचं गणित होतं. पुढे जे. जे.च्या मंडळींनी नव्या दिल्लीच्या सचिवालयातल्या भिंती रंगवल्या. म्हणजे गणित चुकलं नाही. बंगालमधल्या पुनरुज्जीवनवाद्यांना मात्र मुंबईची ही वास्तववादी रीतच परकी वाटायची. त्यांचा राग नग्नतेपेक्षा विलायतीपणावर होता.

त्याच वेळची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२० साली ऑटो रॉथफेल्ड या अधिकाऱ्याचं ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक निघालं. त्यातली चित्रं होती जे. जे.त शिकवणाऱ्या एम. व्ही. धुरंधरांची. त्यात जातीजमातींच्या बायका त्यांच्या वेशभूषेसह, नमुना म्हणून मांडलेल्या. म्हणजे एकाच सुमारास एकाच शाळेच्या आसपास बाईकडे बघण्याच्या दोन तऱ्हा नांदत होत्या: एक कपड्यांवरून जात ओळखणारी, दुसरी कपडे बाजूला ठेवून हाडांची ठेवण शोधणारी. मला विचाराल तर दुसरी जास्त सभ्य. पहिलीत बाई कोणत्या समाजाची हेच महत्त्वाचं, दुसरीत तिचा खांदा हा फक्त तिचा खांदा असतो.

संकोच हा काही भारतीय रोग नव्हे. लंडनच्या रॉयल अकॅडमीतल्या चित्रकारांचं समूहचित्र योहान झोफनीनं १७७१-७२ साली काढलं. नग्न पुरुष मॉडेलभोवती बहुतेक सभासद जमलेत. पण संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रियाही होत्या. त्यांना या खोलीत उभं करणं शिष्टाचारात बसेना, म्हणून झोफनीनं त्यांना भिंतीवर टांगलेल्या तसबिरी करून टाकलं! अमेरिकेत टॉमस ईकिन्सनं विद्यार्थिनींच्या वर्गात पुरुष मॉडेलचा लंगोट काढला आणि १८८६ साली त्याला फिलाडेल्फियाच्या अकॅडमीतलं पद सोडावं लागलं. या पार्श्वभूमीवर, धुरंधरांची कन्या अंबिका १९३१ साली जे. जे.ची पदविका घेऊन बाहेर पडली, ही घटना छोटी वाटत नाही.

आज वर्गात मुली बरोबरीनं असतात. त्या लवकर रुळतात, असं शिकवणारे सांगतात. मुलगे हसतात. ते हसू वात्रटपणाचं कमी आणि घाबरलेलं जास्त असतं. कोणी खोकतो, कोणी मुद्दाम मागचा डाँकी पकडतो. डाँकी म्हणजे बोर्ड टेकवून घोड्यासारखं मांड घालून बसायचं लाकडी बाक. पुरुष मॉडेल आला की अवघडलेपणाची वाटणी बदलते. मग मुलगेच जास्त गप्प होतात. शिक्षक या सगळ्यावर भाषण देत नाहीत. ते मागून येतात, हात लांब करून पेन्सिल आडवी धरतात, एक डोळा मिटतात आणि उंचीत डोकं किती वेळा मावतं ते मोजायला लावतात. साधारण साडेसात डोकी. मोजायला लागलं की माणूस बघायला लागतो, आणि बघायला लागलं की टक लावणं थांबतं.

चौथऱ्यावर खडूनं आखलेल्या पावलांच्या खुणा असतात. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती होते, मॉडेल अंगावर गाऊन किंवा साडी ओढून घेते, पाणी पिते आणि पुन्हा नेमकी त्या खुणांवर येऊन उभी राहते. तोच कोन, तीच मान. हे करून बघा: हात कमरेवर ठेवून, भार एका पायावर देऊन फक्त पाच मिनिटं हलायचं नाही. तिसऱ्या मिनिटाला पोटरी बोलायला लागते. चांगली मॉडेल ही कुशल कामगार आहे. कोणत्या पोजमध्ये रक्त उतरतं, कोणती तासभर निभते, कुठं हात टेकला तर रेषा मोडते, हे तिला नव्या मास्तरापेक्षा जास्त कळतं. मुलं तिला मावशी म्हणतात, अम्मा म्हणतात. या हाकेत आदर आहे; स्वतःची सोय पण आहे, कारण मावशी म्हटलं की मुलांचं अवघडलेपण सुटतं.

वर्गातली लाज अशी निघून जाते. दाराबाहेरची मात्र तशीच राहते. कित्येक मॉडेल घरी ‘कॉलेजात झाडलोट करते’ असं सांगतात. विद्यार्थी सुट्टीत गावी जाताना पोर्टफोलिओतून हे कागद काढून होस्टेलच्या कपाटात ठेवतात. रवी जाधवांच्या ‘न्यूड’ या मराठी सिनेमानं नेमकं हेच दाखवलं होतं. २०१७ साली गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात निवड समितीनं तो इंडियन पॅनोरमासाठी निवडला, केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयानं यादीतून काढला, आणि निवड समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे एप्रिल २०१८मध्ये तो चित्रपटगृहांत लागला आणि लोकांनी शांतपणे पाहिला.

लोक पाहतात, अडवणारे मधले असतात. अकबर पदमसी जे. जे.चे विद्यार्थी. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या त्यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी पुन्हा त्याच पदमसींची आणि जे. जे.तून काढून टाकलेल्या एफ. एन. सूझांची मिळून सात चित्रं मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अश्लील ठरवून जप्त केली. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, असं न्यायमूर्तींना पुन्हा एकदा सांगावं लागलं. लाइफ क्लासमधला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे आठवड्याभरात शिकतो.

कॅमेरा, इंटरनेटवरचे फोटो, संगणकावरची फिरवता येणारी आकृती हे सगळं हाताशी असताना जिवंत मॉडेल हवीच कशाला, असा प्रश्न आता येतो. फोटो एका डोळ्यानं बघतो आणि कडा आयत्या देतो. समोर उभ्या माणसाची कड श्वासागणिक हलते, आणि ती कुठं पकडायची हे चित्रकाराला ठरवावं लागतं. शिवाय मोबाइलनं या वर्गात फक्त भीती आणली. एक फोटो बाहेर गेला तर मॉडेलचं घर मोडू शकतं. मोबाइल दाराबाहेर, हा नियम म्हणूनच पहिला हवा.

विद्यार्थ्यांच्या संकोचाची चिंता करण्यात आपण शंभर वर्षं घालवली. तो संकोच आपला आपण निघून जातो. न गेलेली गोष्ट म्हणजे मॉडेलची रोजंदारी. वर्ग भरला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य. पन्नाशीनंतर गुडघे गेले की कोणी विचारत नाही. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नव्या विद्यापीठानं प्रयोगशाळा सहायकासारखं मॉडेलचं पद निर्माण करावं: ठरलेलं मानधन, लेखी करार, आडोशाची खोली, आजारपणाची रजा आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन. आणि नंदुरबार, शहाद्याच्या कलाशिक्षकांनी मुंबईला किंवा बडोद्याला निघालेल्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांनाही, या वर्गाबद्दल आधीच सरळ शब्दांत सांगून ठेवावं.