लढाई काळ्या समुद्रात, हिशेब आपल्या स्वयंपाकघरात

मैत्रिणींनो, वर्तमानपत्रात लढाईची बातमी आली की आपण ते पान घरातल्या पुरुषमंडळींकडे सरकवतो आणि बाजारभावाचे पान उघडतो. रणगाडे, क्षेपणास्त्रे, कोणी कोणत्या शहराला वेढा घातला, यात आपलं काय अडलंय? पण खरे सांगायचे तर ही दोन्ही पाने पुष्कळदा एकच बातमी सांगत असतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतर काही महिन्यांत भंडाऱ्यातल्या स्वयंपाकघरातले तेल, रेशनचे धान्य आणि माहेरच्या बांधीतले खत, या तिन्हींचा हिशेब बदलला. तो कसा, हे एकदा नीट समजून घेऊ या.

तेलापासून सुरुवात करू. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. सूर्यफुलाचे तेल तर बहुतेक सगळेच बाहेरचे, आणि त्यातही मोठा वाटा युक्रेन आणि रशिया या दोन देशांचा. काळ्या समुद्रातली बंदरे बंद पडली तशी जहाजे अडकली. सूर्यफूल महागले म्हणून सगळे पाम तेलाकडे वळले, तर इंडोनेशियाने आपल्या लोकांना आधी पुरावे म्हणून २८ एप्रिल २०२२ पासून पाम तेल बाहेर पाठवणेच थांबवले. ते २३ मे रोजी पुन्हा सुरू झाले खरे, पण तोवर आपल्या डब्याला चटका बसायचा तो बसला.

आता आठवून पाहा. आपल्या सासवा-आजेसासवांच्या वेळी झाडीपट्टीत जवसाचे तेल घरोघरी असे. धान निघायच्या आधी त्याच ओलीवर बांधीत जवस, लाखोळी टाकली जाई. तेल गावच्या घाण्यावर निघे. तेव्हा काळा समुद्र कुठे आहे हे कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते!

हे पहिल्यांदा घडलेले नाही

१९४२ सालच्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले. मुंबई, कोकण, मद्रास, बंगाल या भागांत तेव्हा ब्रह्मदेशाचा तांदूळ मोठ्या प्रमाणात येत असे. तो एकदम बंद झाला. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे मेली. नुसता तांदूळ कमी पडला म्हणून नव्हे. युद्धामुळे भाव भडकले, साठेबाजी झाली, सरकारने वेळेवर धान्य पोहोचवले नाही, म्हणूनही. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि हा प्रांत धान्य जास्त पिकवणाऱ्यांत गणला जाई. म्हणजे बाहेरचा तांदूळ बंद झाला की आपल्यासारख्या धानाच्या मुलखाकडे देशाचे डोळे लागतात. ही रीत तेव्हापासूनची आहे.

पुढे १९६५-६६ साली लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला आणि आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो. त्या वेळी व्हिएतनाममधल्या लढाईवर भारताने टीका केली, ती तिथल्या राष्ट्राध्यक्षांना झोंबली आणि गव्हाची जहाजे हात राखून सुटू लागली. दुसऱ्याच्या दारात धान्य मागण्याची ही नामुष्की देशाच्या जिव्हारी लागली. भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग ही दोन्ही १९६५ सालचीच. आज आपल्या जिल्ह्यात आधारभूत किमतीने धान मोजून घेणारी केंद्रे दिसतात, त्यांची मुळे त्या काळात आहेत.

तिसरी लढाई १९७३ च्या ऑक्टोबरमधली, अरब आणि इस्रायलची. खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या, त्यामागोमाग खते महागली आणि १९७४ मध्ये आपल्याकडे युरियाची किंमत जवळजवळ दुप्पट झाली. शेतकऱ्यांनी खत टाकणे कमी केले. तेव्हा १९७७ पासून खत कारखान्यांना सरकारने फरक भरून देण्याची पद्धत सुरू झाली. आज आपण ज्याला खताची सबसिडी म्हणतो, ती अशी आली.

गहू घटला, तांदळावर भार आला

२०२२ कडे परत येऊ. रशिया आणि युक्रेन हे दोघेही जगाला गहू पुरवणारे मोठे देश. त्यांचा गहू अडला तशी जगभर भारतीय गव्हाची मागणी वाढली. नेमक्या त्याच मार्चमध्ये उत्तरेत कडक उन्हाने उभा गहू सुकला. व्यापाऱ्यांनी चढ्या भावाने खरेदी केली आणि सरकारी गोदामात आदल्या वर्षी ४३३ लाख टन गहू आला होता, तो त्या वर्षी जेमतेम १८८ लाख टन आला. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली आणि काही राज्यांच्या रेशनमध्ये गव्हाऐवजी तांदूळ दिला. म्हणजे लढाई गव्हाच्या मुलखात, आणि भार आला तांदळावर!

मग तांदूळही जपून ठेवणे आले. सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची, म्हणजे आपल्या कनकीची, निर्यात थांबली. २० जुलै २०२३ रोजी बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळाचीही निर्यात बंद झाली. त्याच्या तीनच दिवस आधी रशियाने काळ्या समुद्रातून धान्य नेऊ देण्याचा करार सोडला होता. त्यात पावसाची चिंता होतीच, आणि वर्षभरात देशात तांदूळ किरकोळ बाजारात साडेअकरा टक्क्यांनी महागला होता. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळात जवळपास ४० टक्के आपला असतो. आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये बायका कनकीच आवडीने शिजवतात. इंडोनेशियाने आपल्याला जसा चटका दिला, तसाच आपण त्यांना दिला. पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, कनकीवरची मार्च २०२५ मध्ये.

खताची पिशवी

युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्यातला बराच वायू परदेशी. डीएपी आणि त्याचा कच्चा माल पुष्कळसा बाहेरचा. पोटॅश तर जवळजवळ सगळेच आयातीचे, आणि रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार. लढाई होताच सगळ्यांच्याच किमती चढल्या. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने डीएपीच्या एका पिशवीमागे द्यायची सबसिडी १६५० रुपयांवरून २५०१ रुपये केली, म्हणून शेतकऱ्याला ती १३५० रुपयांत मिळाली. पोटॅश मात्र चांगलेच महागले. रोवणीच्या दिवसांत माहेरी फोन केला असेल, तर खताच्या रांगेची गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल.

ताटातला तांदूळ की भावाचे धान?

आता खरा पेच. तुम्ही-आम्ही शहरात राहतो, तांदूळ विकत घेतो. तो स्वस्त असावा असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्यापैकी कितीजणींचे माहेर मोहाडी, लाखांदूर, पवनीकडे धानाच्या बांधीत आहे! निर्यात बंद झाली की व्यापाऱ्याची मागणी कमी होते आणि खुल्या बाजारात धानाचा भाव दबतो. तुमच्या ताटातली बचत ती भावाच्या खिशातून जाते. भावाच्या हाती कमी पैसा आला की रोवणीला येणाऱ्या बायांच्या मजुरीतही काटछाट होते.

जरा आकडेमोड करू. २०२३-२४ साली साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २१८३ रुपये होती. सरकारी भरडाईत १०० किलो धानाचे ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे एका किलो तांदळात नुसत्या धानाचेच साडेबत्तीस रुपयांहून अधिक झाले. हमाली, भरडाई, वाहतूक वेगळी. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ‘भारत’ नावाचा तांदूळ विकायला काढला तो २९ रुपये किलोने. मधला फरक सरकारी तिजोरीने भरला, म्हणजे शेवटी आपण सगळ्यांनीच. धान उत्पादकांना राज्य सरकारने २०२२-२३ साठी हेक्टरी १५ हजार आणि २०२३-२४ साठी २० हजार रुपये बोनस दिला, दोन हेक्टरांपर्यंत. पण घाईच्या वेळी धान कमी भावात विकून मोकळ्या झालेल्या घराचे नुकसान त्याने पुरते भरून निघतेच असे नाही.

गरिबाच्या घरी चूल पेटायला रेशन हवेच. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षे तसेच ठेवायचे ठरले आहे. पण ज्यांना परवडते त्यांनी तांदळाच्या किलोमागे दोन-चार रुपये वाढले की लगेच महागाई म्हणून ओरडण्याआधी ते पैसे कुणाकडे जातात, एवढे विचारावे. व्यापाऱ्याच्या गोदामात जात असतील तर जरूर ओरडावे. शेतकऱ्याच्या घरी जात असतील, तर घास सुखाने गिळावा.

आपल्या हाती काय आहे?

– चार माणसांच्या घराला महिन्याला सुमारे अडीच किलो तेल पुरते. महिन्याचे तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवा; किती लागते ते आपोआप कळते. एकाच तेलावर विसंबू नका. जवस, तीळ, करडई, शेंगदाणा यांचे घाण्याचे तेल थोडे थोडे वापरात आणा. जवसाची चटणी तर आहेच.

– वर्षाचा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत, नवे धान आल्यावर, शक्य तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून धानच घेऊन भरडून आणा. त्याला दोन पैसे जास्त, तुम्हाला बाजारापेक्षा कमी. कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह कोठीत भरा. नवा तांदूळ चिकट होतो, त्याला पाणी कमी घाला.

– भरडाईत निघालेली कनकी टाकू नका. आयते, धिरडी, खीर, चकली, पापड यांना ती उत्तम.

– माहेरी आवर्जून सांगा: माती तपासूनच खत घाला, रोवणीआधी धैंच्या किंवा बोरूचे हिरवे खत गाडा. एक पिशवी युरिया वाचला तर परदेशातली एक चिंता कमी झाली.

लढाया कुठे आणि केव्हा होतील, हे तुमच्या-माझ्या हाती नाही. पण कोठीत काय भरायचे, कोणाकडून आणि किती पैशांना, हे ठरवणारा हात आपलाच आहे. पुढच्या वेळी लढाईचे पान पुरुषमंडळींकडे सरकवण्याआधी एकदा वाचून पाहा. त्यात पुढच्या महिन्याचा किराणा लिहिलेला असतो.