अडतीस तासांची विद्या

लहान मोटारीच्या काचेवर लावलेले तांबडे 'एल' हे अक्षर आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की त्याच्याकडे आपले लक्षही जात नाही. परंतु चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून पुण्याकडे परतताना तेच अक्षर जेव्हा मी एका सहाचाकी मालट्रकच्या काचेवर पाहिले, आणि मागच्या साऱ्या वाहनांचा रोष निमूटपणे सोशीत तो ट्रक रस्त्याच्या डाव्या कडेने विलक्षण सावधपणे चाललेला पाहिला, तेव्हा एक गोष्ट मनाला एकाएकी लागली. ज्या अजस्र वाहनांच्या धाकाने आपण रोज कडेला सरकतो, त्यांचे चालक ही विद्या कोठे तरी आणि कोणाकडून तरी शिकत असले पाहिजेत, आणि त्या शिक्षणाची आपण कधी साधी विचारपूसही केलेली नाही. पुढे ज्या प्रशिक्षण शाळेचा तो ट्रक होता तिच्या संचालकांची परवानगी काढून मी त्या ट्रकच्या केबिनमध्ये, चालकाच्या मागल्या बाकावर, वेळोवेळी जाऊन बसू लागलो.

शिकवणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र खणखणीत. इतर शिकाऊ उमेदवार त्यांना 'सर' म्हणत. माण तालुक्यातून आलेला, गावच्या तालमीत चार वर्षे माती अंगाला लावलेला एक तरुण मात्र त्यांना 'वस्ताद' म्हणे, आणि मला वाटते, ते संबोधन त्यांना अधिक आवडत असे. मान्यताप्राप्त केंद्रांतील अवजड वाहनांच्या अभ्यासक्रमासाठी केंद्र सरकारने सहा आठवड्यांत ३८ तास अशी मर्यादा आखून दिली आहे. हा आकडा वस्तादांच्या तोंडी सतत येई. "कायदा अडतीस तास म्हणतो. मी सात वर्षं क्लीनर होतो. सात वर्षांचं अडतीस तासांत बसवायचंय, म्हणून माझ्याकडं गप्पांना वेळ नाही," असे त्यांनी पहिल्याच भेटीत मला बजावले, आणि लगेच ते खाली उतरून टायर पाहू लागले.

या सात वर्षांची हकीकत त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली. काच पुसणे, चाकाखाली ठोकळा लावणे, लोखंडी दांडा टायरवर आपटून आवाजावरून हवा ओळखणे, रात्री चालकाला डुलकी लागू नये म्हणून बोलत राहणे, अरुंद गोदामात गाडी मागे घेताना हौद्यावर थाप मारून इशारा देणे, आणि या सर्व सेवेच्या मोबदल्यात केव्हा तरी, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, उस्तादाच्या, म्हणजे मुख्य चालकाच्या, मर्जीने घटकाभर हाती येणारे ते चाक. या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लोक मला पुष्कळ भेटले, परंतु मला तिचे कौतुक करवत नाही. कारण तिच्यात मिसरूडही न फुटलेली मुले घरदार सोडून भटकत, पगाराच्या नावाने बहुधा जेवण आणि शिव्या मिळत, आणि उस्ताद स्वतः चुकीचे शिकलेला असेल तर ती चूकही वारसा म्हणून पुढे जाई. तथापि त्या व्यवस्थेपाशी एक गोष्ट विपुल होती, ती म्हणजे वेळ. अलीकडे खर्च वाचवण्यासाठी मालक क्लीनर ठेवीनासे झाले आहेत, आणि त्याबरोबर ती लांबलचक उमेदवारीही संपत चालली आहे. तिच्या जागी आता उभे आहेत ते ३८ तास.

कागदपत्रांची बाब थोडक्यात सांगण्यासारखी आहे : वयाची वीस वर्षे पूर्ण, हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन किमान एक वर्ष उलटलेले, डॉक्टरचा दाखला, मग शिकाऊ परवाना, त्यानंतर तीस दिवस लोटल्यावर परीक्षा, आणि परीक्षेला जाताना शाळेचे प्रमाणपत्र. पूर्वी इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याची अटही होती. २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे, कारण या धंद्यातील कितीतरी उत्तम हात शाळेची पायरी फारशी न चढलेले आहेत.

गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक संपूर्ण प्रदक्षिणा घालावी लागते. चाकांचे नट, दिवे, इंडिकेटर, तेल, पाणी, जमिनीवर कसला ओघळ आहे काय, हे सारे पाहून मग केबिनमध्ये चढायचे, आसन बसवायचे, आरसे लावायचे, पट्टा बांधायचा, इंजिन सुरू करायचे आणि स्वस्थ बसून राहायचे. हे स्वस्थ बसणे मला प्रथम कळले नाही. अवजड वाहनाचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. ती हवा इंजिनाने फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांत भरतो. आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील दाब पुष्कळदा उतरलेला असतो. हँडब्रेकची योजना तर याहून विचारपूर्वक केलेली आहे. चाकाला गच्च आवळून धरणारी बलदंड स्प्रिंग हवेच्या जोराने मागे ओढली जाते, तेव्हाच चाक मोकळे होते. हवा निघून गेली की स्प्रिंग पुन्हा चाकाला धरते. ज्या कोणी अभियंत्याने प्रथम असा विचार केला की यंत्र निकामी झाले तर ते थांबण्याच्या बाजूने निकामी व्हावे, त्याच्याविषयी मला त्या केबिनमध्ये बसून मनापासून आदर वाटला. काटा वर सरकेपर्यंत वस्ताद कोणालाही गिअरला हात लावू देत नसत. माणच्या त्या तरुणाला ही प्रतीक्षा जड जाई. त्याचा डावा हात सारखा गिअरच्या दांड्याकडे वळे आणि वस्ताद काही न बोलता तो हलकेच बाजूला करीत.

याच तरुणामुळे एक वास माझ्या स्मरणात कायमचा राहिला आहे. मैदानाच्या टोकाला मुरूम टाकून आणि वरून काँक्रीट करून एक चढ तयार केला होता. त्या चढावर मधोमध गाडी थांबवायची आणि मग मागे तसूभरही न घसरू देता ती पुढे काढायची. नियमावलीतील परीक्षेच्या बाबींत चढावरील हा ताबा स्पष्टपणे नमूद केलेला आहे. हलक्या मोटारीत जे काम पाऊल नकळत करते ते येथे तीन अवयवांना वाटून द्यावे लागते : डावा पाय क्लच अर्ध्यावर आणतो, उजवा पाय इंजिनाला किंचित जोर देतो, आणि हात हँडब्रेकची कळ सोडण्यासाठी वाट पाहत थांबतो. इंजिनाचा सूर खाली येतो, केबिनला एक बारीक कंप सुटतो, आणि दूध उतू जाण्यापूर्वीचा क्षण चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला जसा भांड्याकडे न पाहताही कळतो तसा तो कंप पावलाला कळावा लागतो. या तरुणाच्या मांडीत तालमीचे बळ होते आणि तेच त्याला नडत होते. क्लच अर्ध्यावर धरून तो इंजिनाला भलता जोर देई. गाडी मागे जात नसे, पण पुढेही जात नसे. आणि मग केबिनच्या फळ्यांतून तो वास वर येई, करपलेला, उग्र, घशाला झोंबणारा, कपड्यांत दिवसभर मुरून राहणारा. क्लचची पट्टी जळत असल्याचा तो वास. तो आला की मागे बसलेले बाकीचे उमेदवार गप्प होत, कारण उद्या आपल्या पाळीलाही तो येणार हे प्रत्येकाला ठाऊक होते.

"जोर नको. वेळ दे," वस्ताद सांगत. त्यांनी त्याला कधी शिवी दिलेली मी ऐकली नाही. एकदा मी त्यांना विचारले की तुमच्या उस्तादांनी हे तुम्हाला कसे शिकवले. त्यांनी आपल्या डाव्या पायाच्या नडगीवरची एक जुनी खूण दाखवली आणि 'पान्हा' एवढेच म्हटले.

मागे घेण्याच्या शिक्षणाविषयी वास्तविक स्वतंत्र लेख व्हावा. आरशात दिसणाऱ्या एका अरुंद जगावर विसंबून, आठ-नऊ मीटर लांबीचे धूड डाव्या-उजव्या खांबांमधून आत सारायचे. वळण घेण्यातही असाच पेच आहे : पुढल्या आसाच्या वरच आसन असल्यामुळे वळण येताच चाक फिरवण्याचा मोह होतो, तो आवरून गाडी वळणाच्या पुढे जाऊ द्यावी लागते, नाही तर मागली चाके कोपरा कापून आत येतात. आणि त्या कोपऱ्यावर, डाव्या बाजूला, आरशातही न सापडणाऱ्या जागेत, आपल्याच घाईत असलेला कोणी दुचाकीस्वार उभा असू शकतो. वस्ताद तेथे एक रिकामा पिंप ठेवीत आणि उमेदवाराला न सांगता त्याची जागा बदलत. पिंपाला गाडी लागली की उमेदवाराने खाली उतरून, तो पिंप स्वतःच्या हाताने उभा करून, मग पुन्हा वर चढायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

या साऱ्या शिक्षणात एक मोठे न्यून आहे, आणि ते शाळेचे नसून कायद्याने आखलेल्या चौकटीचे आहे असे मला वाटते. शिकण्याचा ट्रक रिकामा असतो. परीक्षेचा ट्रकही रिकामा असतो. जुन्या दोन आसांच्या ट्रकला मालासह १६.२ टनांची मुभा होती; जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने भाराच्या मर्यादा वाढवल्या आणि तीन आसांच्या ट्रकची एकूण मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. रिकाम्या ट्रकवर तयार झालेला पाय एके दिवशी या भाराखाली घाट उतरू लागतो. त्या वेळी काय होते याची शिकवण पुण्याच्या माणसाला दूर शोधावी लागत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार दीर्घ आहे, दिसायला सौम्य आहे, आणि म्हणूनच घातक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका अवजड वाहनाने एकामागोमाग कितीतरी वाहनांना दिलेली धडक शहराच्या अद्याप स्मरणात आहे. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा अडसर जातो, सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरीनासा होतो. इंजिनच बंद केले तर हवा भरणेही थांबते आणि प्रत्येक दाबासरशी काटा खाली येतो. "ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर," हे वाक्य वस्ताद रोज म्हणवून घेत. परंतु म्हणवून घेणे निराळे आणि पाठीशी माल घेऊन खंबाटकी उतरणे निराळे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? "अडतीस तासांतला एक तास मला भरलेली गाडी द्या, एक तास रात्र द्या," असे ते एकदा म्हणाले. मी म्हणेन, एक तास थोडा आहे.

वाचलेल्या डिझेलाचा हिशेब मात्र एकट्या चालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि पोहोचण्याची वेळ मालाच्या धन्याच्या पत्रात असते. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ चा कायदा दिवसाला आठ तास काम सांगत असे. त्या आठ तासांत माल पोहोचवून परत येणारा चालक मला त्या रस्त्यावरच्या एकाही ढाब्यावर भेटला नाही. नव्याने बनणाऱ्या ट्रकांच्या केबिन वातानुकूलित असाव्यात असे फर्मान निघाले आहे, याचा मला निर्भेळ आनंद झाला, कारण वैशाखातल्या दुपारी इंजिनाच्या अंगावर बसून काढलेले तास किती दीर्घ असतात हे मी पाहिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये हे चालक संपावर गेले तेव्हा पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगांनी आपल्याला त्यांची आठवण झाली. रांगा संपल्या आणि आठवणही संपली.

परीक्षेच्या सकाळी सर्व उमेदवार इस्त्रीचे कपडे घालून आले होते. मोटार वाहन निरीक्षक मितभाषी होते आणि त्यांचे वागणे सौजन्याचे होते. एका उमेदवाराने वळताना डावा आरसा पाहिला नाही. त्याला त्यांनी शांतपणे खाली उतरवले, सात दिवसांनी पुन्हा येण्यास सांगितले आणि पुढचे नाव पुकारले. माणच्या तरुणाची पाळी आली तेव्हा वस्ताद कुंपणापाशी जाऊन चढाकडे पाठ करून उभे राहिले. मी मात्र पाहत होतो. गाडी चढावर थांबली. इंजिनाचा सूर खाली आला. आणि मी नकळत त्या वासाची वाट पाहू लागलो. वास आला नाही. गाडी जागची हलली ती पुढेच. वस्तादांनी तोंड न वळवताच विचारले, "मागं गेली का?" मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या उमेदवाराचे कागद तपासायला घेतले.

परवाना हाती आल्यावर तो तरुण चाकणमधल्या एका वाहतूकदाराकडे गेला. त्या गृहस्थांनी त्याचे कागद दप्तरात ठेवून घेतले आणि एकच प्रश्न केला : भरलेल्या गाडीने घाट उतरला आहेस काय? त्याने खरे ते सांगितले. त्यावर असे ठरले की पहिले तीन महिने त्याने बंगळुरूच्या गाडीवर दुसरा चालक म्हणून, एका जुन्या माणसाच्या शेजारी बसून जावे, सपाटीला चाक हाती घ्यावे आणि घाटात नुसते पाहावे. पगार निम्मा, भत्ता मात्र पूर्ण. वस्तादांना ही अट पसंत पडली. त्यांनी त्या जुन्या चालकाचे नाव विचारून घेतले, आणि तो माणूस न्यूट्रल टाकणाऱ्यांपैकी नाही अशी खात्री करून घेतल्यावरच मुलाला जायला सांगितले.