एक बाजू शिंगाची

काकांच्या घडीच्या चाकूची मूठ साबरशिंगाची. एका बाजूची पट्टी मधल्या खिळ्यापाशी चिरली होती आणि भातलावणीच्या धांदलीत तिचा अर्धा तुकडा खाचरात पडला, तो पडलाच. पातं मात्र अजून करवंदीची फांदी एका ओढीत छाटतं. “दे टाकून, दीडशेला नवा मिळतो,” काका म्हणाले. म्हणजे नीट करून आण; काकांचं असंच असतं.

पुन्हा शिंगच बसवायचा विचार सोडला. एके काळी इंग्लंडातल्या शेफील्डचे चाकूवाले आपल्याकडून साबरशिंगं मागवत. आता रानात गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही, वन्यजीव कायदा आडवा येतो. आणि ते योग्यच आहे. राहता राहिलं लाकूड. आमच्या मुळशीत जुनं लाकूड हाती आलं, की ते धरणाखाली गेलेल्या एखाद्या गावच्या वाड्याचं म्हणून सांगायची चाल आहे. 1921 चा सत्याग्रह, सेनापती बापट, सगळं एका तुळईत मावतं. माझा तुकडा पडवीत पडलेल्या मोडक्या शिसवी पोळपाटाचा होता.

पौडला एक लोहारमामा आहेत. त्यांचा हात कोयत्यांवर बसलेला. कोयत्याचं शेपूट लालभडक तापवून ते लाकडात दाबतात. लाकूड जळतं, धूर निघतो आणि शेपूट आपली जागा आपणच करून घेतं. घडीच्या चाकूला हा धसमुसळेपणा चालत नाही. त्यात दोन पितळी पत्रे, मध्ये पाठीची पोलादी कमान आणि बाहेरून मुठीच्या पट्ट्या. कडेचे दोन बारीक खिळे पट्टीला पत्र्याशी धरतात. मधला मात्र या पट्टीतून त्या पट्टीत, कमानीला भोसकून जातो. तो निघाला की कमान उसळते आणि मग तीन हात असले तरी कमी पडतात.

मामांनी पोळपाटाच्या तुकड्यावर अंगठा फिरवला. “वलं हाय. माळ्यावर टाक. दिवाळी झाली की ये.”

मी ऐकलं नाही. जुलै 2024 चा शेवटचा आठवडा. ताम्हिणीत एका दिवसात 556 मिलिमीटर पाऊस पडला तेच दिवस. वीज गेलेली, घरात बसून दुसरं करणार काय? फुटक्या बाजूच्या तिन्ही खिळ्यांची डोकी कानशीनं घासली. कडेचे दोन पकडीनं ओढून निघाले. मग भोक पाडलेल्या फळीवर चाकू ठेवला, शिंगाची बाजू खाली, आणि बारीक पंच लावून मधला हळूच ठोकला. तो जसा खाली उतरला तसा त्याच्यामागून एक तारखिळा सरकवला, कमान जागच्या जागी राहावी म्हणून. चांगल्या बाजूचं शिंग तडकलं नाही, याचं श्रेय मला फारसं नाही.

शिसवीची पट्टी कापून, घासून, शिंगाच्या जाडीला आणली. हातड्रिलनं दोन मिलिमीटरची भोकं पाडली, पत्र्याची भोकं हाच साचा धरून. पितळी तार आत घालून दोन्हीकडं मिलिमीटरभर बाहेर ठेवली. निहाई म्हणून किराणा तराजूतलं पाच किलोचं वजन. दोन ठोके बरे बसले, तिसरा जरा जोरात बसला आणि पट्टी खिळ्यापासून टोकापर्यंत उभी फाटली.

दुसरी पट्टी करून मामांकडं गेलो. ओल्या लाकडाबद्दल ते काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. भोकाचं तोंड जाड्या ड्रिलनं किंचित रुंद केलं. मग गोल तोंडाची छोटी हातोडी घेऊन तारेच्या माथ्यावर टुकटुक करत राहिले, दर चार ठोक्यांनी चाकू उलटा करून. “ह्याला मारायचं न्हाई. पसरवायचं.” पितळ कणाकणानं पसरत त्या खोलगट तोंडात भरलं. मधल्या खिळ्याला दर थोड्या वेळानं थांबून पातं उघडून पाहायचे. जास्त आवळला तर कमान पत्र्यांत अडकते. पॉलिश पेपर मी घरी येऊन मारला, वरून जवसाचं तेल. मामांनी पैसे घेतले वीस रुपये, तेही चहाचे म्हणून.

काका खूश झाले. म्हणजे काही बोलले नाहीत.

मार्चमध्ये त्यांनी चाकू माझ्यापुढं धरला. “इथं नख लाव.” शिसवी बाजूच्या कडेवरून नख ओढलं तर अडकलं. लाकूड सुकून आडवं आकसलं होतं आणि पितळी पत्र्याची कड केसभर बाहेर आली होती. बोटाला कापणार नाही, पण मूठ आवळली की कळतं. शिंगाची बाजू होती तशीच.

पत्रा कानशीनं घासून सपाट करता आला असता. पण पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगून पत्र्याच्या बाहेर येणार, हे मामांनी न विचारता सांगितलं. म्हणून उरलेला अर्धा पोळपाट आता चुलीवरच्या माळ्यावर आहे. काका मधूनमधून शिडी लावून तो उलटा करतात.