नदीच्या तळाशी शार्कचा दात!

मुलांनो, नदीवर गेलात की तुम्ही काय गोळा करता? गुळगुळीत गोटे, शिंपले, फार तर एखादी चमकणारी गारगोटी. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पीस नावाची एक नदी आहे. तिथली मुलं गुडघाभर पाण्यात उभी राहून चाळणीने खडी चाळतात, आणि त्यांच्या हाती लागतात चक्क शार्क माशांचे दात! तेही लाखो वर्षांपूर्वीचे, दगड झालेले.

आता तुम्ही विचाराल, गोड्या पाण्याच्या नदीत शार्क कसा आला? शार्क नदीत आला नाही, समुद्रच तिथे होता! फ्लोरिडाचा बराच भाग पूर्वी उथळ समुद्राखाली होता. समुद्र मागे हटला की जमीन उघडी पडायची. तिच्यावर मॅमथ, घोडे, राक्षसी स्लॉथ हिंडायचे. समुद्र पुन्हा पुढे आला की शार्क यायचे. अशा थरांवर थर साचले. आज नदी ते थर कापत वाहते. हलकी माती वाहून जाते आणि जड दात व हाडं खडीत अडकून राहतात.

बरं, दातच एवढे का सापडतात? तुमच्या नाकाचा शेंडा दाबून पाहा. आत मऊ, लवचिक असं काही लागतं ना? ती कूर्चा. शार्कचा सगळा सांगाडा कूर्चेचाच असतो, म्हणून तो लवकर कुजतो. दात मात्र टणक. शिवाय एका शार्कचे आयुष्यभरात हजारो दात पडतात आणि नवे येतात. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मेगालोडॉन या महाकाय शार्कचा दात तर १७-१८ सेंटिमीटरपर्यंत भरतो. पट्टी घेऊन मोजा बघू!

फ्लोरिडातल्या व्हेनिस गावाजवळ असे दात समुद्राच्या तळाशीही मिळतात. तिथे पाणबुडे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरतात. पण थेट उडी मारायची नसते, बरं का! आधी उत्तम पोहणं. मग काठावर चाळणी घेऊन दात, हाड आणि साधा दगड यांतला फरक ओळखायला शिकणं. हाडाच्या तुटलेल्या कडेवर बहुधा बारीक छिद्रांची जाळी दिसते, दगडात ती सहसा नसते. त्यानंतर प्रशिक्षकाकडे रीतसर शिक्षण. तिथला पहिला धडा असा : वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. कारण सोपं आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुपटीने फुगते. श्वास रोखला तर फुप्फुसं फाटू शकतात. दुसरा धडा : एकट्याने कधीच उतरायचं नाही.

आणखी एक गोष्ट. सरकारी मालकीच्या जागेतून किंवा नदीतून शार्कचे दात कुणीही घेऊ शकतो, पण मॅमथसारख्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या हाडांसाठी फ्लोरिडाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा परवाना लागतो. एवढी कटकट कशाला? ऐका तर.

त्याच राज्यात ऑसिला नदी आहे. तिचं पाणी चहासारखं काळपट. तिच्या तळाशी एका खोल खड्ड्यात हत्तीसारख्या मॅस्टोडॉन या प्राण्याचा सुळा सापडला. त्यावर खोल चरे होते. माणसाने हत्याराने कापल्याचे? अनेक तज्ज्ञांना पटेना. मग २०१२ ते २०१४ मध्ये पाणबुड्या संशोधकांनी तिथला गाळ थरा-थराने उकरला. दगडी हत्यारं मिळाली. थराचं वय निघालं सुमारे १४,५५० वर्षं! २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अमेरिकेत माणूस किती आधी पोचला होता, ते त्यावरून कळलं. कुणी आधीच तो गाळ उपसून हत्यारं खिशात घातली असती, तर? वस्तू राहिली असती, तिची गोष्ट मात्र कायमची हरवली असती.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राचा मोठा भाग लाव्हापासून बनलेल्या काळ्या कातळाचा. त्यात जीवाश्म फार क्वचित. पण मांजरा नदीच्या खोऱ्यात लातूर जिल्ह्यात नामशेष हत्तींचे अवशेष मिळाले आहेत, आणि गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला दगड झालेले वृक्ष व डायनोसॉरचे अवशेष जपलेले आहेत.

मात्र नदीत उतरायचा हट्ट नको हं. वाळू उपशाच्या खड्ड्यांत पट्टीचे पोहणारेही बुडतात. काठावर काही वेगळं दिसलं, तर ते उकरू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा आणि तारीख वहीत लिहा आणि गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. ते महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाकडे पोचवतील.

पालकहो, घराजवळ बांधकामासाठी नदीची वाळू पडली असेल, तर मुलांना घरमालकाला विचारून ओंजळभर वाळू चाळू द्या. त्यातले शंख-शिंपले वेगळे करून प्रत्येक पुडीवर वाळू कुठल्या नदीची ते लिहायला सांगा. शास्त्रज्ञाच्या कामाची सुरुवात अशा नोंदीनेच होते.