येलवालची परिषद आणि शेतीतील जोखमीची वाटणी

म्हैसूरजवळील येलवाल येथे २१ व २२ सप्टेंबर १९५७ रोजी ग्रामदान परिषद भरली. विनोबा भावे यांच्यासमवेत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू, जयप्रकाश नारायण आणि निरनिराळ्या पक्षांचे नेते तेथे उपस्थित होते. ग्रामदान चळवळ व शासनाची सामूहिक विकास योजना यांनी परस्परांच्या सहकार्याने चालावे, असा विचार तेथे पुढे आला.

चर्चेचा विषय जमिनीच्या मालकीचा होता. तथापि शेतीतील जोखीम कोणी वाहावयाची, हा प्रश्नही तिच्या पोटात होताच. बैल दगावला किंवा घरातील कर्ता अंथरुणाला खिळला, की कुटुंबाला सावकाराचे दार गाठावे लागे आणि शेवटी जमीनच जाई. ग्रामदानाने कुटुंब व शासन यांच्यामध्ये गाव हा स्तर उभा केला. जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे. पुढे सुलभ ग्रामदानात शेतकऱ्याने उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा आणि मजुराने महिन्यातील एका दिवसाची मजुरी ग्रामकोशात द्यावी, असे ठरले.

या कोशाची मर्यादाही उघड आहे. चाळीस पोत्यांमागे एक पोते साठविणाऱ्या गावाला एका घराचे संकट निभावता येते. अवर्षणात सारेच शिवार करपले, तर देणाराही तोच आणि मागणाराही तोच. अशा वेळी जोखीम गावाबाहेर पसरलीच पाहिजे. २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना हेच कार्य करते. तिच्या मूळ रचनेत शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी कमाल ५ टक्के असा आहे. मात्र भरपाई मुख्यत्वे ठरावीक क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. मंडळाची सरासरी चांगली आली, की एकट्याचे बुडालेले शेत हिशेबात दिसत नाही. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी ७२ तासांत सूचना देण्याची तरतूद आहे. जळालेल्या पंपाला वा दगावलेल्या बैलाला ती लागू नाही.

ही मधली पोकळी गावानेच भरावयाची आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये ग्रामदान स्वीकारले. प्रत्येक गावाला तितके दूर जाणे शक्य नसेल. तरी मृगानंतर पावसाने दडी मारली असता दुबार पेरणीचे बियाणे गावातच मिळावे, एवढा कोश शेतकरी गटालाही उभारता येईल; त्यासाठी विस्तार कार्यकर्त्याने सुगीच्या खळ्यावरच गाठ घातलेली बरी, कारण जूनमध्ये कोणाच्याही घरी देण्याजोगे पोते उरलेले नसते.